वाड्याला गिऱ्हाईक

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकावर आजवर इतक्या विद्वान मंडळींनी लिहिलं आहे, की त्यात माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनानं भर घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला घरून डबा घेऊन जाणं. पण माझीही एक बाजू आहे आणि ती कुठं मांडलेली माझ्या वाचनात आली नाही. या नाटकाचं परीक्षण प्राध्यापकांनी केलं, नाट्यसमीक्षकांनी केलं, समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी केलं. जुनं घर विकत घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकानं मात्र ते अजून केलेलं नाही. ते गिऱ्हाईक मी.

आता मी जे घेतलं त्याला वाडा म्हणणं म्हणजे सायकलला वाहन म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो. यवतमाळात दत्त चौकापासून पायी दहा मिनिटांवर एक गल्ली आहे. त्या गल्लीत एकाला एक खेटून सात घरं उभी आहेत. कधीकाळी ते सगळं मिळून एकच लांबलचक घर होतं म्हणतात. पुढं भाऊ वाढले, बायका आल्या, चुली वेगळ्या झाल्या, आणि जिथं जिथं भांडण झालं तिथं तिथं एक भिंत उभी राहिली. सात घरं आणि सहा भांडणं. त्यातलं चौथं घर माझं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, उजेड पुढून आणि मागून, आणि मधल्या खोल्या रेल्वेच्या डब्यासारख्या एकीतून दुसरीत जाणाऱ्या. पुढं छपरी, मग बैठक, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परस आणि परसात विहीर. भिंती मातीच्या, दीड हात जाडीच्या. वर सागवानी नाटा आणि कवेलू. स्कूटर ठेवायला जागा नाही. मोटार ठेवायचा प्रश्न येत नाही, कारण मोटार नाही.

शहाणा माणूस यवतमाळात असं घर घेत नाही. तो आर्णी रोडला नाहीतर दारव्हा रोडला ले-आऊटमध्ये प्लॉट घेतो, त्यावर स्लॅब टाकतो आणि उरलेलं आयुष्य दूधवाल्याची वाट पाहत काढतो. माझे सगळे सहकारी शहाणे आहेत. मलाच त्या गल्लीचं वेड लागलं. पहाटे देवळाची घंटा, सहाला तर्री-पोह्यांच्या गाडीचा वास, नवाला पिठाची गिरणी सुरू, अकराला शाळेची मधली सुट्टी, आणि संध्याकाळी सगळ्या ओट्यांवर सगळ्यांच्या बातम्या. डॉक्टर समोर, किराणा बाजूला, भांडणं फुकट. सामाईक भिंतीमुळं शेजारची मालिका आपल्याला ऐकू येते. आपला टीव्ही बंद ठेवला तरी गोष्टीचा धागा सुटत नाही.

बायकोला घर दाखवलं तेव्हा ती माजघरात पाच मिनिटं उभी राहिली. मे महिना होता. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत होतं. ती म्हणाली, "अहो, इथं तर माठात बसल्यासारखं वाटतं." विदर्भातल्या बाईनं मे महिन्यात घराला दिलेली याहून मोठी पावती नाही. मी त्याच दिवशी कर्जाचा अर्ज आणला. आणायला लांब जावं लागलं नाही.

आणि त्याच रात्री कपाटातून 'वाडा चिरेबंदी' काढलं. २०१९ साली यवतमाळला साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा ते विकत घेतलं होतं. लेखक आपल्या जिल्ह्यातला, पारव्याचा. म्हणजे पुस्तक घेणं हे एका अर्थी शेजारधर्मात बसत होतं. मात्र तोवर मी ते वाचलं होतं ते रसिक म्हणून. या वेळी वाचलं ते गिऱ्हाईक म्हणून. सांगतो, नाटक तेच, पण फरक जमीन-अस्मानाचा.

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारलेले. थोरला भास्कर आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, यांच्या हाती घर. मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेली. धाकटा चंदू घरच्या गड्यासारखा राबतो. बहीण प्रभा, तिला शिकायचं होतं, ते शिकू दिलेलं नाही, लग्नही झालेलं नाही. भास्करचा मुलगा पराग आणि सिनेमाचं खूळ डोक्यात घेतलेली मुलगी रंजू. आई आहे, आणि आईच्याही वर थकलेली दादी आहे. तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावरून घासाघीस चालते. घरात सोनं आहे. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. शेवटी रंजू ते सोनं घेऊन मास्तराबरोबर पळून जाते. हे नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलं. पुढं 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून एलकुंचवारांनी त्याची त्रयी केली, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'साठी तिन्ही नाटकं सलग करून दाखवली. नाट्यगृहात इतका वेळ बसायला माणसं तयार झाली, ही गोष्ट मला आमच्या ग्राहकांना सांगावीशी वाटते. पासबुक भरायला दहा मिनिटं लागली की ते मॅनेजरकडं जातात.

विद्वान म्हणतात, यातला वाडा हे ढासळत्या सरंजामी व्यवस्थेचं प्रतीक आहे. असेलही. पण गिऱ्हाइकाला प्रतीक घेऊन काय करायचं? प्रतीकाला गळती लागत नाही. मी पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन बसलो. ट्रॅक्टर दिसला की समासात लिहिलं, 'घसारा धरला आहे का?' वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तो ट्रॅक्टर पाहून फार त्रास होतो. चालत नाही, विकत नाहीत, भंगारात काढत नाहीत. वर चंदूचा पाय त्याच्यापायी जखमी होतो. ताळेबंदात ज्याला मालमत्ता म्हणून दाखवतात आणि प्रत्यक्षात जे देणं असतं, त्याचं इतकं चांगलं उदाहरण आम्हाला बी.कॉम.ला कुणी दिलं नाही. दिलं असतं तर अकाउंटन्सीत मला पासष्टच्या वर मार्क पडले असते.

पण खरा हिसका पुढं बसला. तो समजण्यासाठी माझ्या घराच्या मालकांची ओळख करून द्यायला हवी.

घर होतं एका गुरुजींचं. त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडं आलेलं. गुरुजी २०११ साली गेले, मागच्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. मागं दोन मुलगे आणि दोन मुली. थोरले दादा यवतमाळातच, नवीन ले-आऊटमध्ये. मोठी बहीण अमरावतीला दिलेली. धाकटी बहीण, जिला सगळी गल्ली ताई म्हणते, लग्नाची राहिलेली. आईचं दुखणं-खुपणं तिनंच काढलं. आणि धाकटा भाऊ कुठं, असं विचारल्यावर दादा म्हणाले, "तो उत्रेखतला आहे."

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाला काही शब्द आपोआप चिकटतात. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसखत, वाटणीखत. मला वाटलं, यांच्यात काहीतरी उत्रेखत नावाचा दस्त झालेला आहे. मी चटकन विचारलं, "नोंदणी झाली आहे का त्याची?" दादा म्हणाले, "कशाची? तो चांगला बारा वर्षांपासून तिथं नोकरी करून राहिला." मग उलगडा झाला, की युट्रेख्त हे नेदरलँड्समधलं एक गाव आहे.

या उत्रेखतच्या भावाशी पुढं माझं फोनवर वारंवार बोलणं झालं, कारण त्याचं मुखत्यारपत्र लागणार होतं. ते तिथल्या नोटरीपुढं करायचं, त्यावर अपोस्टिलचा शिक्का घ्यायचा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. या निमित्तानं कळलं, की त्यानंही नुकतंच तिथं एक जुनं घर घेतलंय. १९३०च्या सुमाराचं, विटांचं, दोन्ही बाजूंना खेटून घरं असलेलं, गजबजलेल्या वस्तीतलं. खाली बेकरी, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, सामाईक भिंतीतून शेजारणीचा पियानो. मी म्हटलं, "म्हणजे तुमची ही गल्लीच सोबत नेली म्हणायची." तो हसला, आणि क्षणभर काही बोलला नाही.

त्याची खरेदीची हकीकत ऐकून मी थक्क झालो. तिथं विकणारा एक भाव सांगतो आणि घेणारे त्याच्याहून जास्त बोली लावतात. तीही दुसऱ्याची बोली न पाहता. आपल्याकडं मी असं केलं असतं तर बायकोनं मला डॉक्टरकडं नेलं असतं. घराचा पाया, छप्पर, भिंती तपासायला रीतसर तपासनीस लावता येतो आणि तो पाहणीचा लेखी अहवाल देतो. पैसे नोटरीच्या खात्यातून जातात. आणि करारावर सह्या होऊन प्रत हातात पडली, की घेणाऱ्याला विचार बदलायला कायद्यानं तीन दिवस मिळतात. तीन दिवस! आपल्याकडं विकणाऱ्याला विचार पक्का करायला तीन पिढ्या लागतात.

पायाचीही एक गंमत त्यानं सांगितली. अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरांतली जुनी घरं दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. तिथला राजवाडा म्हणे १३,६५९ खांबांवर उभा आहे. ते खांब पाण्याखाली असेपर्यंत शतकानुशतकं टिकतात. जमिनीतलं पाणी खाली गेलं, लाकडाला हवा लागली, की कुजतात. म्हणजे तिथल्या घराला पाणी आटल्याची भीती, आणि आमच्या काळ्या कापशी मातीतल्या घराला पाणी मुरल्याची. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, आणि वरच्या भिंतीला दरवर्षी तिच्याबरोबर कवायत करावी लागते. तो म्हणाला, "काका, घर घेताना भिंत बघू नका, खाली काय चाललंय ते बघा." सल्ला पायाबद्दल होता. मला तो पुढं दुसऱ्याच कारणानं आठवला.

सौदा ठरला. त्या संध्याकाळी दादा मला छपरीत बसवून म्हणाले, "भाऊ, तुम्ही बिलकुल काळजी नका करू. खरेदीखतावर आम्ही दोघं भाऊच राहू. बहिणींचं हक्कसोडपत्र अगोदरच करून घेतो. त्या सही देऊन देतील. त्यांचं काही म्हणणं नाही."

आतून चहा आला. चहा ताईंनी आणला होता. त्या कप ठेवून आत गेल्या. त्यांचं काही म्हणणं दिसलं नाही, कारण त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "ताई पुढं कुठं राहणार?"

"कुठं म्हणजे? आमच्याकडं. खोली आहे नं वरची. पोरांचं पाहतील, बसल्या राहतील."

दादा वाईट माणूस नव्हता. आईच्या औषधांचे पैसे त्यानंच दिले होते, हे मला माहीत होतं. जे सगळीकडं करून राहिले तेच तो करत होता. आणि गिऱ्हाईक म्हणून माझ्या दृष्टीनंही ते सोयीचं होतं. चारऐवजी दोन विक्रेते, कागद कमी, फेऱ्या कमी. मी चहा संपवला, "बरं आहे" म्हटलं आणि घरी आलो.

रात्री झोप येईना म्हणून पुन्हा तेच पुस्तक उघडलं. आणि या वेळी प्रभावर अडकलो.

आता जे सांगतो ते वकील मंडळींनी चूकभूल देऊन-घेऊन वाचावं. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वाडा वडिलोपार्जित धरू. साल १९८५च्या आसपास. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं तात्याजी वारले त्या क्षणी कागदावर एक काल्पनिक वाटणी झाली असं मानायचं. तात्याजी, आई आणि तीन मुलगे. पाच समान हिस्से. त्यातला तात्याजींचा एक पंचमांश त्यांच्या वारसांत वाटायचा. वारस सहा : आई, दादी, तीन मुलगे आणि प्रभा. एक पंचमांश भागिले सहा, म्हणजे एक तीसांश. जन्मभर त्या वाड्यात राबलेल्या प्रभाचा त्या वाड्यात वाटा किती? तीस खणांतला एक. दादीला जेवढा, तेवढाच.

मग मी दुसरा हिशेब मांडला. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मानं हिस्सेदार केलं. तात्याजी त्या तारखेनंतर वारले असते तर? वाटणीत सहा समान हिस्से. प्रभाचा स्वतःचा एक षष्ठांश, अधिक तात्याजींच्या षष्ठांशातला सहावा भाग. एकूण सात छत्तीसांश. जवळजवळ सहापट! ज्या १९९४ साली ती त्रयी सलग रंगमंचावर उभी राहिली, त्याच साली सरकारनं प्रभाचा हिशेब दुरुस्त केला. २००५ साली हाच हक्क देशभरच्या मुलींना मिळाला, विवाहित-अविवाहित हा भेदही गेला. आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं.

तेव्हा माझं या नाटकाविषयीचं मत असं झालं. आपण प्रेक्षक त्या नाटकात सोनं बघत बसतो. वहिनी रात्री सगळे दागिने अंगावर चढवते, तो प्रसंग कुणी विसरत नाही, विसरूही नये. सोनं दिव्याखाली चमकतं, चोरीला जातं, त्याच्यावरून रडता येतं. आखीव पत्रिका चमकत नाही. ती घेऊन कुणी पळून जात नाही. म्हणून रंजूनं सोनं नेलं तेव्हा आपल्याला वाटतं, की देशपांड्यांचं घर आज लुटलं गेलं. गिऱ्हाइकाच्या नजरेनं पाहिलं तर एक लूट त्या घरात फार आधीपासून शांतपणे चालू होती, आणि ती करणाऱ्यांत चोर कुणीच नव्हता. सगळी घरचीच माणसं होती. भास्कर दुष्ट नाही, सुधीरही नाही. प्रत्येक जण आपापल्या परीनं अडलेला आहे. फक्त हिस्से मोजताना बोट प्रभापाशी आलं की ते पुढं सरकतं. ज्या पायाकडं बघायला उत्रेखतवाला सांगत होता, तो हा.

यावर कुणी म्हणेल, की मग नाटककारानं एखाद्या वकिलाला नाहीतर गिऱ्हाइकाला रंगमंचावर आणून हे का नाही बोलवून घेतलं? मलाही रात्री दोन वाजता तसंच वाटलं होतं. सकाळी दाढी करताना पटलं, की आणलं नाही हेच बरोबर. बाहेरचा माणूस आला की घरातली माणसं बाहेरच्यासारखी बोलायला लागतात. माझ्यासमोर दादा बोलले तसे : त्यांचं काही म्हणणं नाही. एलकुंचवारांनी दार लावून घेतलं म्हणून आपल्याला खरं ऐकू आलं. सामाईक भिंतीचा हा फायदा मी आधीच सांगितला आहे.

मात्र नाटकात गिऱ्हाईक येत नाही म्हणून मला मोकळं सुटता येत नव्हतं. मी तर आलो होतो. छपरीत बसून चहाही प्यायलो होतो.

आता मी काही शूर माणूस नाही. काउंटरवर कुणी आवाज चढवला तर मी खालचा खण उघडून त्यात काहीतरी शोधायला लागतो. दादांना कायदा सांगावा, तर घर हातचं जायचं. न सांगावं, तर त्या घरात झोप यायची नाही. आणि घर तर झोपण्यासाठीच घ्यायचं होतं. तेव्हा शूर नसलेली माणसं जे करतात ते मी केलं. नियमाच्या आड लपलो.

दुसऱ्या दिवशी दादांना फोन केला. "दादा, कर्जाचं जरा अडलंय. बँक म्हणते, हक्कसोडपत्र चालणार नाही. चारही वारसांनी खरेदीखतावरच विक्रेते म्हणून सह्या करायच्या, आणि पैसे चौघांच्या चार खात्यांत समान जायला हवेत."

"हा कोणता नियम काढला बाप्पा?"

"नवीन आहे," मी म्हटलं.

असा कुठलाही नियम नव्हता. रीतसर नोंदलेलं हक्कसोडपत्र असलं की काम चालतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दादांना शंका आली. ते दुसऱ्या एका बँकेतल्या आपल्या मित्राला विचारून आले. मी दिवसभर घामाघूम. पण बँकवाला कधीही 'मला माहीत नाही' म्हणत नाही, हे मी विसरलो होतो. त्या सद्‌गृहस्थानं अत्यंत आत्मविश्वासानं सांगितलं होतं, "हो, सर्क्युलर आलंय तसं." त्या अनोळखी बांधवाचा मी आजन्म ऋणी आहे.

दादा चार दिवस गप्प राहिले. मग म्हणाले, "असं असेल तर भाव थोडा वाढवावा लागेल. मलाही पाहावं लागते." खोट्याची किंमत मला दीड लाख पडली. हप्त्यात भागली म्हणून ती आता पंधरा वर्षं जाईल. उत्रेखतच्या भावाला फोनवर सांगितलं, की चार समान भाग होतील. तो जरा वेळानं म्हणाला, "मला वाटलं होतं चारच होणार आहेत." त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तीन दिवसांची सवलत असलेल्या देशात राहून माणूस इतका निर्धास्त होतो!

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सगळे आले. अंगठे, फोटो, सह्या. अमरावतीच्या बहिणीनं पदर नीट करून फोटो काढून घेतला. घर मी बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं. यामागं तत्त्व वगैरे नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात खरेदीदार बाई असली की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. तेव्हा एका टक्क्यासाठी ती संपूर्ण घराची मालकीण झाली. घर तिचं, कर्ज माझं. माझा त्या घरातला हिस्सा आज शून्य तीसांश आहे, आणि ती गोष्ट ती मला भाजी आणायला पाठवताना कधी विसरत नाही.

ताईंचं स्वतःचं खातं नव्हतं. आईच्या पेन्शनच्या खात्यावर त्यांनी वर्षानुवर्षं व्यवहार केले होते, पण स्वतःचं असं नव्हतं. फॉर्म मीच भरत होतो. 'व्यवसाय' या रकान्यापाशी थांबलो. त्या म्हणाल्या, "घरकाम लिहा." मी तसं लिहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, तो नियम खरंच आहे का हो बँकेचा?"

"आहे," मी म्हटलं. "नियम जुनाच आहे ताई. लोकांना नवीन वाटतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सहीसाठी पेन मागितलं.

दादांच्या वरच्या खोलीत ताई गेल्या नाहीत. आमच्याच गल्लीत, तीन भांडणं सोडून पलीकडं, म्हणजे सातव्या घरात, त्यांनी पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पैसे मुदत ठेवीत आहेत. शाळेतली चार-पाच पोरं संध्याकाळी त्यांच्याकडं अभ्यासाला येतात. दादांचा दीड-दोन महिने अबोला होता; दिवाळीला भाऊबीज झाली.

मध्यंतरी त्या आमच्याकडं आल्या होत्या. माजघरातून उगाच एक चक्कर मारली, विहिरीत डोकावल्या. जाताना टेबलावरचं 'वाडा चिरेबंदी' दिसलं, तर म्हणाल्या, "नेऊ का वाचायला?" मी जरा घाबरलोच, पण दिलं. समासातला हिशेब मी खोडला नव्हता, हे त्या गेल्यावर आठवलं.

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं आहे," ताई म्हणाल्या. "पण त्या प्रभाला कुणीतरी एक फॉर्म भरून द्यायला पाहिजे होता."

इतकी पानं खर्चून मला जे परीक्षण जमलं नाही, ते त्यांनी चपला घालता घालता करून टाकलं.